'किंवा अन्यथा' : दोन शब्दांनी काढून घेतलेलं मत

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, तेव्हा निवडून आलेल्यांपैकी दोघेजण तुरुंगात होते. एक शेख अब्दुल रशीद, म्हणजे 'इंजिनिअर रशीद'. दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या आरोपावरून यूएपीए कायद्याखाली ते २०१९ पासून दिल्लीच्या तिहारमध्ये होते. बारामुल्लामधून त्यांनी ओमर अब्दुल्ला यांना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. दुसरे अमृतपाल सिंग. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली ते आसामच्या दिब्रुगड तुरुंगात होते. पंजाबच्या खडूर साहिबमधून त्यांना जवळपास दोन लाखांचं मताधिक्य मिळालं. ५ जुलैला दोघांना पोलीस बंदोबस्तात संसदेत आणलं गेलं आणि दोघांनी खासदारकीची शपथ घेतली.

त्या दिवसांत यावर भरपूर चर्चा झाली. तुरुंगातला माणूस निवडणूक कशी काय लढवू शकतो, देशाचं काय होणार, वगैरे. पण त्याहून मजेशीर प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. या दोघांना स्वतःला मत देता आलं असतं का?

उत्तर असं : अमृतपाल यांना कायद्यानं टपाली मतदानाचा हक्क होता. रशीद यांना नव्हता. म्हणजे बारामुल्लातले साडेचार लाखांहून जास्त लोक रशीद यांना मत देऊ शकले, पण रशीद स्वतःला मत देऊ शकत नव्हते. दोघेही तुरुंगात, दोघांचाही गुन्हा कुठल्या न्यायालयात सिद्ध झालेला नाही, दोघेही खासदार. तरी एक मतदार आणि दुसरा नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कुणीतरी फार वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचताना एखादी ओळ अशी सापडते की ती तिथे का आहे ते कळत नाही, पण तिच्यावर सगळं चाललेलं असतं. ती काढायची हिंमत कुणाला होत नाही. आपल्या निवडणूक कायद्यात अशी एक ओळ आहे. तिचा इतिहास मी गेल्या वर्षभरात जमेल तसा वाचत गेलो. तो सांगावासा वाटतो, कारण त्या ओळीमुळे आज लाखो लोकांचं मत जातं, आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांवरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे.

ती ओळ

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. कलम ६२, पोटकलम ५. त्याचा अर्थ सोप्या मराठीत असा : जो माणूस तुरुंगात बंदिस्त आहे, मग तो कारावासाच्या किंवा काळ्या पाण्याच्या शिक्षेखाली असो *किंवा अन्यथा*, किंवा जो पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत आहे, तो कुठल्याही निवडणुकीत मत देणार नाही. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्याला हे लागू नाही.

हो, काळं पाणी अजून या कायद्यात आहे. १९५५ च्या दुरुस्तीनं ती शिक्षाच रद्द झाली आणि १ जानेवारी १९५६ पासून तिच्या जागी जन्मठेप आली. पण कलम ६२(५) मधला तो शब्द कुणी काढला नाही. कुणाचं फारसं लक्षच नसावं या कलमाकडे.

पण काळं पाणी हा मृत शब्द आहे, त्याचा आता कुणाला त्रास नाही. जिवंत आहेत ते त्यापुढचे दोन शब्द : 'किंवा अन्यथा'. शिक्षा झालेला कैदी आला, ठीक. त्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही कारणानं आत असलेला माणूसही आला. खटला सुरू व्हायची वाट बघणारा, जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळालेला, परवा रात्री संशयावरून उचललेला. आपल्याकडे ज्याला कच्चा कैदी म्हणतात तो या दोन शब्दांत पकडला जातो.

यातली गंमत अशी की त्याचं नाव मतदार यादीतून जात नाही. यादीत नाव कुणाचं नसावं हे १९५० चा दुसरा कायदा ठरवतो आणि त्यात तुरुंगवास हे कारण नाही. उलट तो कायदा म्हणतो की तुरुंगात ठेवलंय म्हणून माणूस तुरुंगाच्या पत्त्यावरचा रहिवासी ठरत नाही. त्याचं नाव गावच्या यादीत राहतं. मतदानाच्या दिवशी बूथवरच्या यादीत त्याचा फोटो असतो, फक्त तो नसतो.

हे आलं कुठून?

मुळं इंग्लंडमध्ये आहेत. तिथे जुन्या काळी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरलेला माणूस कायद्याच्या दृष्टीनं मेल्यासारखा मानला जाई. त्याची जमीन, मालमत्ता जप्त व्हायची, वारसांना काही मिळायचं नाही. शरीरानं जिवंत, पण नागरिक म्हणून मेलेला. १८७० च्या फॉर्फिचर कायद्यानं ही मालमत्ता जप्तीची पद्धत बंद केली. पण त्याच कायद्यानं ठरवलं की बारा महिन्यांपेक्षा जास्त शिक्षा झालेला गुन्हेगार शिक्षा भोगून होईपर्यंत मत देऊ शकणार नाही. घर परत दिलं, मत ठेवून घेतलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या कायद्यातसुद्धा अट दोषी ठरण्याची होती. नागरी मृत्यू यायचा तो गुन्हा सिद्ध झाल्यावर.

हिंदुस्थानात ब्रिटिशांनी निवडणुका थोड्या थोड्या करून आणल्या आणि त्यांच्याबरोबर अपात्रतेचे नियमही आणले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात मताधिकाराचे नियम आहेत. काळं पाणी, सक्तमजुरी किंवा कारावास अशी *शिक्षा भोगत असलेला* माणूस मत देणार नाही, असं तिथे म्हटलंय. शिक्षा भोगत असलेला, एवढंच. 'किंवा अन्यथा' नाही.

उमेदवारीचा नियमही त्याच कायद्यात आहे. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर सुटकेनंतर पाच वर्षं विधिमंडळाचं सदस्य होता येणार नाही. दोन वर्षांची ही रेषा आपण तशीच उचलली. आजही कलम ८(३) मध्ये ती आहे, फक्त सुटकेनंतरची पाच वर्षं आता सहा झाली आहेत.

तुरुंग आणि मतपेटी

आपल्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग हे राजकारणापासून दूर नेणारं ठिकाण नव्हतंच. १९२६ मध्ये सुभाषचंद्र बोस बंगालच्या विधान परिषदेवर निवडून आले, तेव्हा ते ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात होते. टिळकांनी १९०८ नंतरची सहा वर्षं काढली तेच मंडाले. बोस यांच्यावर कुठलाही खटला चालला नव्हता. सरकारला ते बाहेर नको होते, एवढंच. ही युक्ती आयर्लंडमधून आलेली होती. तिथे १९१७ मध्ये जो मॅकगिनेस हा कैदी इंग्लंडमधल्या तुरुंगात असताना दक्षिण लाँगफर्डच्या पोटनिवडणुकीत ३७ मतांनी जिंकला होता. तुरुंगातल्या माणसाला निवडून देणं हा सरकारला दिलेला जवाब होता.

आणि आपलं येरवडा. पुण्यात माझं ऑफिसला जाणं-येणं याच बाजूनं होतं. २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, मी बोटावरची शाई वाळायच्या आत जेल रोडवरून गेलो. रस्त्यावर बूथकडे निघालेली कुटुंबं होती. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर शाई लागलेल्या बोटांचे फोटो पडत होते. त्या भिंतीआड मात्र निवडणूक नव्हती.

१९३२ मध्ये त्याच भिंतीआड या देशाची निवडणूक पद्धत ठरली होती. गांधीजी तिथे खटल्याशिवाय ठेवलेले राजबंदी होते. अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ देणाऱ्या निवाड्याविरुद्ध त्यांनी उपोषण सुरू केलं. डॉ. आंबेडकर वाटाघाटींसाठी येरवड्याला आले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. त्या कराराबद्दल आजही मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण मतदारसंघ कसे असावेत, कुणाला किती जागा असाव्यात, यावरची वाटाघाट एका कैद्याशी झाली आणि ती कैदी म्हणून बेकायदा ठरली नाही, हे खरंच आहे. तो करार पुढे १९३५ च्या कायद्यात गेला.

१९५१

स्वातंत्र्य आलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ नं प्रत्येक प्रौढाला मत दिलं. अपवादाची कारणं मोजकी ठेवली : रहिवास नसणं, मनोविकलता, आणि गुन्हा किंवा निवडणुकीतले भ्रष्ट वा बेकायदा प्रकार. मग १९५१ च्या जुलैमध्ये लोकप्रतिनिधित्व कायदा झाला. तेव्हा कायदामंत्री डॉ. आंबेडकरच होते. त्यांच्या आणि त्या संसदेच्या नावावर केवढं मोठं काम आहे हे मला माहीत आहे. बहुसंख्य जनता निरक्षर असलेल्या देशात एका दमात सगळ्यांना मत देणं, हे तेव्हा जगात कुणी केलं नव्हतं.

पण त्याच कायद्यात, १९३५ च्या 'शिक्षा भोगत असलेला' या शब्दांच्या जागी, 'किंवा अन्यथा' आलं. परक्या सरकारच्या कायद्यानं मत काढून घेण्यासाठी शिक्षा लागत होती. आपल्या कायद्याला नुसती अटक पुरते.

त्याबरोबरच एक सूट आली : स्थानबद्धांना मत देता येईल. ही सूट का आली असावी, याबद्दल माझा एक तर्क आहे. कायदा करणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतः खटल्याशिवाय आत राहून आले होते. नेहरू, पटेल, आझाद हे १९४२ नंतर अहमदनगरच्या किल्ल्यात होते, तेही कुठल्या न्यायालयानं पाठवले म्हणून नव्हे. स्थानबद्ध म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःसारखा राजकीय माणूस येत असणार. कच्चा कैदी म्हटलं की कोण येत असेल? कुणी भुरटा चोर, कुणी मारामारीतला गडी. ज्या तुरुंगात ते राहिले होते त्याच तुरुंगातल्या दुसऱ्या बराकीतला माणूस. त्याच्यासाठी अपवाद करावा असं कुणाला वाटलं नाही.

त्यातून तयार झालेली व्यवस्था विचित्र आहे. ज्याला सरकार म्हणतं की 'याच्यावर खटला चालवण्याइतपतही आम्ही थांबू शकत नाही, इतका हा धोकादायक आहे', त्याला टपालानं मतपत्रिका मिळते. ज्याच्यावर मोबाइल चोरल्याचा आरोप आहे त्याला मिळत नाही.

हातकड्या घातलेला उमेदवार

१९७७ मध्ये या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. जॉर्ज फर्नांडिस हे मुंबईचे कामगार नेते. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडून ते देशभर माहीत झाले होते. आणीबाणीत जून १९७६ मध्ये त्यांना कलकत्त्यात पकडलं आणि बडोदा डायनामाइट खटल्यात आरोपी केलं. निवडणूक जाहीर झाली तेव्हा ते तिहारमध्ये होते. बिहारच्या मुझफ्फरपूरमधून त्यांचा अर्ज भरला गेला. त्यांनी मतदारसंघात पाऊल टाकलं नाही. बेड्या घातलेला हात उंचावलेला त्यांचा फोटो तेवढा गावोगाव फिरला. तीन लाखांहून जास्त मताधिक्यानं ते निवडून आले. सरकार बदललं, खटला मागे घेतला गेला आणि आरोपी केंद्रात मंत्री झाला.

समजा, आरोपीला उमेदवारीही नाकारणारा कायदा तेव्हा असता. मग विरोधकांना निवडणुकीबाहेर ठेवायला एक एफआयआर पुरला असता. दोषी ठरवायचीही गरज नव्हती. गुन्हा दाखल करणं, अटक करणं हे सरकारच्या हातात असतं. म्हणून अटकेला निवडणुकीतून बाद करण्याचा अधिकार देणं म्हणजे खेळणाऱ्या एका संघाच्या हाती शिट्टी देणं.

उमेदवारीच्या बाबतीत हे आपल्याला समजलं. मताच्या बाबतीत नाही.

न्यायालयाची तीन कारणं

कलम ६२(५) ला आव्हान दिलं गेलं. १९९७ मध्ये अनुकूल चंद्र प्रधान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते कलम वैध ठरवलं. निकालात मुख्यतः तीन कारणं आहेत. एक, सगळ्या कैद्यांना मतदान करू द्यायचं तर बंदोबस्ताला प्रचंड पोलीसबळ लागेल. दोन, जो स्वतःच्या वागण्यामुळे तुरुंगात आहे त्याला बाहेरच्या माणसाइतकं स्वातंत्र्य मागता येत नाही. तीन, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणं हा योग्य हेतू आहे. शिवाय मत देणं हा मूलभूत हक्क नसून कायद्यानं दिलेला हक्क आहे, आणि कायदा त्यावर मर्यादा घालू शकतो, ही न्यायालयांची जुनी भूमिका होतीच.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. नव्वदच्या दशकात राजकारणाचं गुन्हेगारीकरण हा रोजचा विषय होता. बाहुबली लोक तुरुंगातून टोळ्या आणि मतदारसंघ दोन्ही चालवत होते. न्यायालयाची काळजी खोटी नव्हती. पण औषध कुणाला दिलं? ज्याच्याकडे टोळी होती त्याला एका मताची काय पडलेली? त्याच्याकडे हजारो मतं होती. गेलं ते त्याच्या बराकीत झाडू मारणाऱ्याचं मत.

२०१३ चा उलटा न्याय

पुढचं वळण पाटण्यात आलं. २००४ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानं एक सरळ तर्क मांडला : निवडणूक लढवायला तुम्ही मतदार असावं लागतं. तुरुंगातला माणूस मत देऊ शकत नाही, म्हणजे तो मतदार नाही. मग तो उमेदवार कसा? १० जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं हा तर्क उचलून धरला. जन चौकीदार निकाल म्हणून तो ओळखला जातो.

त्याच दिवशी, त्याच खंडपीठानं दुसरा निकाल दिला, लिली थॉमस खटल्यातला. तोवर दोषी ठरलेल्या आमदार-खासदारांना अपील केल्यावर पद टिकवायची सोय होती. ती रद्द झाली. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की पद तत्काळ जाणार. २०२३ मध्ये राहुल गांधींची खासदारकी गेली ती यामुळेच, आणि त्याच वर्षाच्या शेवटी सावनेरचे सुनील केदार यांची आमदारकीही.

संसदेनं या दोन निकालांना दिलेली उत्तरं बघण्यासारखी आहेत. लिली थॉमस उलटवायला सरकारनं वटहुकूम तयार केला होता. तो फाडून टाकण्याच्या लायकीचा आहे असं जाहीरपणे म्हणाले ते राहुल गांधीच, आणि तो मागे घेतला गेला. जन चौकीदार निकाल मात्र संसदेनं काही आठवड्यांत निष्प्रभ केला. सप्टेंबर २०१३ पर्यंत दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली, तीही १० जुलैपासून लागू. कलम ६२(५) ला एक नवी पुस्ती जोडली : या बंदीमुळे मत देता आलं नाही तरी, ज्याचं नाव यादीत आहे तो मतदार राहणं थांबत नाही. म्हणजे उमेदवारी शाबूत.

दुरुस्ती योग्यच होती, कारण १९७७. पण ती करताना संसदेपुढे दोन वाटा होत्या. कच्च्या कैद्याला मत देऊन टाकलं असतं, तर तो मतदार झाला असता आणि प्रश्न मुळातून सुटला असता. संसदेनं दुसरी वाट घेतली. मत न देताच त्याला 'मतदार' म्हणायचं ठरवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून वर पॅच मारला. मतदार, पण मत नसलेला. उमेदवारी ज्यांना लागते त्यांचा प्रश्न मिटला, मत ज्यांना लागतं त्यांचा राहिला. कायदा दुरुस्त करणारे कोणत्या गटातले होते हे वेगळं सांगायला नको.

आणि इथे १९९७ चं तिसरं कारणही कोसळतं. गुन्हेगारी लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवायचंय, म्हणून कैद्याला मत नाही. पण तोच कैदी उमेदवार होऊ शकतो, खासदार होऊ शकतो. मग दूर ठेवलं कुणाला?

मंत्री, पण मतदार नाही

एकदा मात्र या कलमाचा फटका आमदारांनाच बसला, आणि तो आपल्याकडे. जून २०२२. राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी एकेका मताची मोजणी चालली होती. नवाब मलिक आणि अनिल देशमुख हे राष्ट्रवादीचे दोन आमदार तेव्हा कोठडीत होते, दोघेही कच्चे कैदी. मत द्यायला जाऊ द्या, म्हणून त्यांनी विशेष न्यायालयाचं आणि उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. मतदान झालं, पण त्यांना जाता आलं नाही. सहाव्या जागेवर शिवसेनेचे संजय पवार हरले, भाजपचे धनंजय महाडिक निवडून आले. दहा दिवसांनी विधान परिषदेची निवडणूक होती. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयानंही तातडीचा दिलासा नाकारला, मात्र कलम ६२(५) चा अर्थ तपासून बघायची तयारी दाखवली. त्याच रात्री शिंदे गटाचं बंड सुरू झालं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

मलिक तेव्हा मंत्रिमंडळातही होते, खाती काढून घेतली असली तरी. राज्याचा मंत्री असायला हरकत नव्हती, मत द्यायला होती. आणि २०१७ मध्ये छगन भुजबळ तुरुंगात असताना न्यायालयाच्या परवानगीनं विधानभवनात येऊन राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मत देऊन गेले होते. त्या निवडणुकीचा कायदा वेगळा, १९५२ चा. तुरुंग एकच, फक्त निवडणुकीचं नाव बदललं की नियम बदलतो.

बाकीचे चार लाख

मलिक, देशमुख, रशीद यांच्याकडे वकील होते. त्यांच्याबद्दल बातम्या आल्या. आता आकडा बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी. म्हणजे दर चार कैद्यांमागे तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही.

आणि कलम गुन्ह्याकडे बघतच नाही, फक्त भिंतीकडे बघतं. खुनाच्या खटल्यात दोषी ठरलेला माणूस अपिलात शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळवून बाहेर असेल, तर तो बूथवर जाऊन बटण दाबू शकतो. चोरीच्या आरोपातला माणूस, जामीन मंजूर होऊनही वीस हजारांचा जामीनदार मिळत नाही म्हणून आत असेल, तर त्याला मत नाही. एक दोषी आहे, दुसरा कायद्यानं निर्दोष आहे. दोघांमधला फरक पैशांचा आहे. प्रौढ मताधिकारानं संपत्तीची अट काढून टाकली असं आपण नागरिकशास्त्रात शिकलो. मागच्या दारानं ती आत आलेली आहे.

१९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यामुळे देशाला कळलं की बिहारच्या तुरुंगांत अशी माणसं आहेत, जी त्यांच्या गुन्ह्याला होऊ शकणाऱ्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ खटल्याविना आत आहेत. त्यानंतर कायदे सुधारले, निकाल आले, पण कच्च्या कैद्यांचं प्रमाण तसं खाली आलं नाही. याचं एक साधं कारण मला दिसतं. त्यांच्याकडे मत नाही. उमेदवार झोपडपट्टीत जातो, वृद्धाश्रमात जातो, भटक्यांच्या पालावर जातो, कारण तिथे मतं आहेत. तुरुंगात कुणी जात नाही. कोठडीतली गर्दी, रखडलेल्या तारखा, डॉक्टर नसलेला दवाखाना, हे कुठल्याच मतदारसंघाचे प्रश्न नाहीत.

मग करायचं काय?

पोलीसबळाचा मुद्दा आता तितकासा टिकत नाही. कुणाला बेड्या घालून बूथवर न्यायची गरजच नाही. स्थानबद्धांसाठी टपाली मतदान नियमांत आहेच. २०२४ च्या निवडणुकीत पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांच्या घरी मतदान पथकं गेली. सीमेवरच्या जवानाला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवली जाते. दुर्गम भागातल्या एकेका मतदारासाठी आयोग मतदान केंद्र उभारतो आणि आपण त्याचे व्हिडिओ अभिमानानं शेअर करतो. ज्याचा पत्ता, बराक क्रमांक आणि दिवसभराचं वेळापत्रक सरकारला पाठ आहे, त्याच्यापर्यंत पोचणं त्याहून कठीण नसावं.

बाहेर बघितलं तर उदाहरणं आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं १९९९ मध्ये कैद्यांना मत द्यायला लावलं, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये. पाकिस्तानच्या २०१७ च्या निवडणूक कायद्यात कैद्यांना टपाली मतदानाची सोय आहे. खुद्द ब्रिटन शिक्षा झालेल्या कैद्यांबाबत आजही कडक आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २००५ मध्ये सरसकट बंदी चूक ठरवल्यावरही तिथे थोडाच बदल झाला. बॉबी सँड्स १९८१ मध्ये उपोषणावर असताना तुरुंगातून खासदार झाला आणि महिन्याभरात मेला, तेव्हा ब्रिटननं वर्षाहून जास्त शिक्षा भोगणाऱ्याची उमेदवारीही बंद केली. पण तिथेसुद्धा कच्चा कैदी मत देऊ शकतो. ज्यांच्याकडून आपण ही बंदी घेतली, त्यांच्याकडे ती इतकी लांब पोचत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. तुरुंगात मत खरंच मोकळं असेल का? बराकीतला दादा सांगेल तिकडे मतं पडतील, शिपाई दबाव आणेल, गुप्तता राहणार नाही. ही भीती मला पटते. पण ती मतदान नीट घेण्याचं कारण आहे, न घेण्याचं नाही. गावातही पाटील होते, सावकार होते, बूथ बळकावणारे होते. म्हणून आपण गावांची मतं काढून घेतली नाहीत. निरीक्षक नेमले, केंद्रीय दल पाठवलं, मतदान यंत्रं आणली.

शिक्षा झालेल्या कैद्यांना मत असावं का, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. कुठले गुन्हे, किती शिक्षा, हे संसदेनं चर्चा करून ठरवावं. त्या वादात मी आत्ता पडत नाही. कच्च्या कैद्याबद्दल मात्र वादाला फारशी जागाच नाही. न्यायालयानं दोषी ठरवेपर्यंत माणूस निर्दोष, हे आपण मानतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

दुरुस्ती लहान आहे. 'किंवा अन्यथा' आणि पोलीस कोठडीचा उल्लेख काढायचा. उरेल ते साधारण १९३५ साली होतं तेवढं : शिक्षा भोगत असलेला माणूस मत देणार नाही. कायद्याचं पान उघडलंच आहे, तर जाता जाता काळं पाणीही काढून टाकता येईल.